आईची मालिका, बाबांचं आलं आणि एकच ट्यूनर

गेल्या वर्षी गणपतीत साताऱ्याच्या घरचा डीटीएचचा रेकॉर्डिंगवाला बॉक्स गेला. गेला म्हणजे नुसता लाल दिवा लावून बसला, रिमोटला उत्तर नाही, स्क्रीन काळी. आठेक वर्षं चालला होता त्यामुळे त्याच्याबद्दल तक्रार नाही, पण आत ५०० जीबीची डिस्क होती आणि तिच्यात बाबांनी साठवलेले शेतीचे कार्यक्रम होते. सह्याद्रीवरचं ‘आमची माती आमची माणसं’, त्यातले ठिबकवरचे, हळदीवरचे आणि मुख्य म्हणजे आल्यावरचे भाग. गावाकडे आमचं तीस गुंठे आलं असतं, आणि बाबा दर वर्षी कंदकुजीची वेळ आली की तेच दोन-तीन भाग परत लावून बघायचे.

कंपनीला फोन केला तर म्हणाले बॉक्स बदलून देतो, रेकॉर्डिंग मात्र मिळणार नाही. म्हणलं डिस्क तर चांगली आहे, काढून लॅपटॉपला लावतो. लावली. पार्टिशन दिसली, मोठ्या मोठ्या फाईली दिसल्या, पण सगळ्या एन्क्रिप्टेड, ज्या बॉक्सने लिहिल्या त्याच बॉक्सच्या चावीने उघडणार आणि तो बॉक्स तर मेलेला. बाबा म्हणाले जाऊ दे. त्यांचं ते जाऊ दे ऐकलं की मला जास्त त्रास होतो, चिडले असते तर बरं झालं असतं.

आता कुणी म्हणेल यूट्यूबवर असतं की सगळं. असतं, पण बाबांना फोनवर शोधून, त्यातली जाहिरात बंद करून, नेमका भाग काढून बघणं जमत नाही आणि त्यांना ते करायचंही नाही. त्यांना टीव्हीच्या रिमोटवर खाली-खाली जाऊन ओके दाबायचं असतं. आणि कार्यक्रम लागतो नेमका नळाला पाणी यायच्या वेळी, तेव्हा ते मोटर चालू करून टाकीपाशी उभे असतात, लाईव्ह बघायचा प्रश्नच येत नाही.

म्हणून ठरवलं की पैसे भरायच्या डीटीएचच्या नादाला परत लागायचं नाही. डीडी फ्री डिश आहे, २००४ च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झालेली तीच सेवा, महिन्याचा रिचार्ज नाही आणि चॅनेल फ्री टू एअर, म्हणजे कॉम्प्युटरला उपग्रहाचा ट्यूनर लावला तर थेट घेता येतात आणि साध्या फाईलमध्ये साठवता येतात. ती फाईल मग आपली, कुठल्याही मशीनवर चालते.

मी पुण्यात नोकरीला आहे, साताऱ्याला शनिवार-रविवार जातो, त्यामुळे हे सगळं तुकड्या-तुकड्यात झालं. पीसी पुण्यातच जुन्या बाजारातून घेतला, ऑफिसातून निघालेला छोटा डेस्कटॉप, चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम. रेकॉर्डिंगला याहून जास्त लागतच नाही कारण चॅनेलचा डेटा आधीच कॉम्प्रेस होऊन येतो, पीसीने तो फक्त झेलून डिस्कवर टाकायचा असतो. एसएसडीवर डेबियन, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, वर एक १ टीबीची डिस्क. तासाभराच्या रेकॉर्डिंगला सव्वा जीबीच्या आसपास जातात, म्हणजे आठशे तास बसतील. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले मग ठीक आहे, जणू काही आठशेपेक्षा कमी असते तर त्यांनी नकार दिला असता.

ट्यूनर यूएसबीचा घेतला, डीव्हीबी-एस२ म्हणजे उपग्रहाचे सिग्नल घेणारा, माँटेजची एम८८डीएस३१०३ चिप असलेला. हे मुद्दाम बघून घेतलं, कारण लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, या चिपचा ड्रायव्हर आधीपासून आहे. ट्यूनर घ्यायचा असेल तर खोक्यावरचं नाव बघू नका, आत चिप कुठली ते बघा. तरी पहिल्या दिवशी चालला नाहीच. लावला, दिवा लागला, पण डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदवहीत, शेवटच्या ओळीत फर्मवेअर लोड फेल, एरर उणे दोन. उणे दोन म्हणजे फाईलच सापडली नाही. ड्रायव्हर कर्नलमध्ये असतो, पण चिपच्या आत जे सोडायचं ते फर्मवेअर वेगळं आणावं लागतं. लिब्रेएलेक नावाची टीव्हीसाठीची लिनक्स बनवणाऱ्यांनी असली डीव्हीबी फर्मवेअर एका जागी गोळा करून ठेवलेली आहेत, तिथून ती एक फाईल उचलून लिब/फर्मवेअर फोल्डरमध्ये टाकली, ट्यूनर काढून परत लावला आणि झालं. पाच मिनिटांचं काम, मी त्यावर आख्खा शनिवार घालवला कारण डीमेसेज बघायचं सोडून यूएसबी पोर्ट बदलत बसलो होतो.

सॉफ्टवेअरसाठी आधी मिथटीव्ही या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामचा विचार होता, फार वर्षांपूर्वी कॉलेजात असताना एकदा लावून बघितला होता. पण त्याला डेटाबेस हवा, बॅकएंड वेगळा, फ्रंटएंड वेगळा, आणि मी पुण्यात असताना डेटाबेस रुसला तर आईला फोनवर काय सांगणार. म्हणून टीव्हीहेडएंड घेतला. एकच प्रोग्राम, मागे गुपचूप चालतो, आणि ९९८१ पोर्टवर ब्राउझर उघडला की सगळ्या सेटिंग समोर. सोर्सवरून बिल्ड केला. पहिल्यांदा बिल्ड लावला आणि जेवायला गेलो, परत आलो तर पंखा घूं घूं करतोय आणि अजून संपलेलंच नाही, कारण तो डिफॉल्टने स्वतःचा एफएफएमपेगही बांधायला घेतो. व्हिडिओ एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात बदलायचा असेल तर त्याचा उपयोग, मला आलं तसं साठवायचं होतं. कॉन्फिगर करताना ते बंद केलं मग चहा होईपर्यंत आटपलं.

खरी गंमत पुढे. टीव्हीहेडएंडमध्ये उतरंड आहे, आधी नेटवर्क, त्यात मक्स, मक्समध्ये सर्व्हिस, म्हणजे त्यातून येणारं एकेक चॅनेल, आणि सर्व्हिसवरून यादीत दिसणारं चॅनेल. मक्स म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवरून एकत्र येणारा चॅनेलांचा गठ्ठा. फ्री डिश येते जीसॅट-१५ वरून, ९३.५ अंश पूर्व. तयार याद्या मिळतात पण या उपग्रहाची यादी जुनाट निघाली म्हणून एक मक्स हाताने टाकला, फ्रिक्वेन्सी ११०९० मेगाहर्ट्झ, लहरीची दिशा व्हर्टिकल, सिंबॉल रेट म्हणजे डेटा येण्याचा वेग २९५००. सेट टॉप बॉक्सवर हेच आकडे टाकतात. स्कॅन, फेल. परत स्कॅन, फेल. केबल बदलली, फेल. मग कधीतरी लक्षात आलं की इथे फ्रिक्वेन्सी किलोहर्ट्झमध्ये आणि सिंबॉल रेट सुट्ट्या आकड्यात हवा, म्हणजे ११०९०००० आणि २९५०००००. तीन शून्यं. प्रत्येक रकान्यात तीन. रकान्याच्या डोक्यावर युनिट लिहिलेलं होतंच, मी वाचलं नव्हतं.

शून्यं टाकली तरी फेलच. आता मात्र मी गच्चीवर गेलो.

गच्चीवर जुन्या डीटीएचची डिश होती, तीच फिरवून वापरायची असा माझा काटकसरी बेत. साताऱ्याहून ९३.५ अंशाचा उपग्रह आग्नेयेला दिसतो, उत्तरेपासून मोजलं तर १३० अंशांच्या आसपास, आणि उंची जवळजवळ ६० अंश, म्हणजे बराच वर. अजिंक्यतारा आमच्या दक्षिणेला आहे पण एवढ्या उंचीवर तो आड येत नाही, आड येतो तो शेजारच्या काकांचा नारळ, त्याची एक झावळी वाऱ्याने हलली की सिग्नल खालीवर. सरळ कठड्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात डिश हलवली. एक स्थानिक डिशवाला मित्राच्या ओळखीने आला होता, त्याने कम्प्युटरला डिश कोण लावतं हा प्रश्न मला तीनदा विचारला आणि मग एलएनबीकडे बघून एका वाक्यात माझा दिवसभराचा घोळ सोडवला. म्हणाला साहेब, हा १०६०० चा हाय, फ्री डिशला युनिव्हर्सल लागतो.

आता हे समजून घेतलं तर फार सोपं आहे. उपग्रहाची फ्रिक्वेन्सी इतकी वरची असते की ती साध्या केबलमधून खाली येईपर्यंत मरून जाईल, म्हणून डिशच्या तोंडाशी जो एलएनबी असतो तो त्यातून एक ठरलेला आकडा वजा करून उरलेलं खाली पाठवतो. ट्यूनरला ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या मधलंच कळतं. युनिव्हर्सलमध्ये खालच्या पट्ट्याला ९७५० वजा होतात, ११०९० मधून ९७५० गेले की १३४०, बरोबर मध्ये. माझ्या जुन्या एलएनबीवर बारीक अक्षरात १०६०० लिहिलेलं, म्हणजे ४९०, ट्यूनरच्या दारापर्यंतही पोचत नव्हतं. डिश कितीही फिरवली असती तरी काही आलं नसतं. तो एलएनबी काढला आणि दोन आउटपुटवाला युनिव्हर्सल लावला, एक वायर पीसीला आणि एक साध्या फ्री डिश बॉक्सला, म्हणजे पीसी बोंबलला तरी घरात टीव्ही चालू राहील. दोघांना एकाच आउटपुटवर स्प्लिटर लावून बसवायचं नाही, व्हर्टिकल हवं की हॉरिझॉन्टल ते एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट देऊन सांगतात, एकाने १३ दिले आणि दुसऱ्याने १८ तर एलएनबीने कुणाचं ऐकायचं.

डिश लावताना मी फोनवर टीव्हीहेडएंडचं स्टेटस पान उघडून कठड्यावर ठेवलं होतं, वायफाय गच्चीपर्यंत कसंबसं पोचत होतं. एसएनआरचा, म्हणजे सिग्नल किती स्वच्छ आहे त्याचा आकडा डोळ्यासमोर, नट अर्धा आटा सैल करायचा, डिश करंगळीभर सरकवायची, दोन सेकंद थांबायचं, आकडा बघायचा. घाई केली की हुकतंच कारण आकडा उशिरा बदलतो. म्हणजे खाली कुणाला ओरडून विचारायची गरजच नव्हती. तरी बाबा अंगणात उभे राहून दर मिनिटाला आलं का, आलं का करत होतेच. शेवटी मी आलं म्हणून ओरडलो तर शेजारचे काका म्हणाले काय भाव लागला.

स्कॅन ओके झालं, आणखी दोन मक्स त्या पहिल्याने आपोआप शोधून दिले, बाकीचे हाताने टाकले. एक सांगायचं राहिलं, ट्यूनरच्या सेटिंगमध्ये नेटवर्क जोडायची जागा वर दिसत नाही, आत युनिव्हर्सल एलएनबी म्हणून एक फांदी उघडावी लागते तिथे आहे, माझा त्यात एक तास गेला. नंतर सर्व्हिस मॅप केल्या, म्हणजे चॅनेलांना जोडल्या, आणि सह्याद्री पीसीवर दिसायला लागलं. मी उगाचच दहा मिनिटं बातम्या बघत बसलो.

कार्यक्रमांचं वेळापत्रक म्हणजे ईपीजी, त्याच्यावर माझा फार भरवसा होता, पण मला तिथे आत्ता काय चालू आणि पुढे काय एवढंच आलं, त्यामुळे नाव टाकून आपोआप रेकॉर्ड करायचा बेत रद्द. टाइमर लावला, अमुक वारी अमुक ते अमुक, आधी दोन मिनिटं आणि नंतर दहा मिनिटं जादा, कारण दूरदर्शनवर एखादं भाषण लांबलं की पुढचं सगळं सरकतं. खुशीत पुण्याला आलो. दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन, अरे यात काहीतरी दुसरंच आहे. रात्रीचं काहीतरी भरलेलं होतं. पीसीचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेवर राहिलेलं, त्यामुळे सगळं साडेपाच तास पुढे गेलं, संध्याकाळचं रेकॉर्डिंग मध्यरात्रीच्या आसपास. आणि पुढच्या रेकॉर्डिंगच्या यादीत ती रात्रीची वेळ स्वच्छ लिहिलेली होती, मी बघितलीच नव्हती. पुण्यातून एसएसएचने, म्हणजे दुरून पीसीत, शिरून टाइमझोन कोलकाता केला.

त्यानंतरच्या आठवड्यात एकही फाईल नाही. डिस्कवरचं नवं फोल्डर मी मधल्या काळात रूट, म्हणजे लिनक्सचा मुख्य मालक, म्हणून बनवलेलं आणि टीव्हीहेडएंड चालतो एचटीएस नावाच्या युजरखाली, त्याला तिथे लिहायची परवानगीच नव्हती. ही चूक लिनक्सवाला प्रत्येक जण करतो आणि प्रत्येक जण दुसऱ्याला सांगतो की परमिशन बघ आधी.

टीव्हीला एक छोटा अँड्रॉइड बॉक्स, त्यात कोडी हा व्हिडिओ बघायचा प्रोग्राम आणि कोडीत टीव्हीहेडएंडचं अ‍ॅडऑन. बाबांना रेकॉर्डिंगची यादी सरळ दिसते. सुरुवातीला बातम्यांच्या पट्टीवरची अक्षरं सरकताना कंगव्याच्या दातांसारखी फाटायची, ते इंटरलेसिंगचं, म्हणजे चित्र एकाआड एक ओळींनी येतं त्याचं, कोडीत डीइंटरलेस चालू केल्यावर गेलं. बाबांना ते कधी दिसलंच नव्हतं, मलाच दिसत होतं.

मग आईने उडी घेतली. फ्री डिशवरच्या एका मराठी चॅनेलवर तिची जुनी मालिका परत लागते, ती पण भरून ठेव म्हणाली. ठेवली. आणि पहिल्याच शनिवारी भांडण. एका ट्यूनरवर एका वेळी एकच मक्स लागतो. त्या गठ्ठ्यातले चार चॅनेल एकदम भरून घ्या, ट्यूनरला काही वाटत नाही, पण दुसऱ्या गठ्ठ्यातला एक जरी हवा असेल तर नो फ्री अ‍ॅडॅप्टर. सह्याद्री एका मक्समध्ये आणि आईचं चॅनेल दुसऱ्यात. त्यातून आई कोडीवर लाईव्ह बघत बसली होती, बाबांच्या टाइमरची वेळ झाली, रेकॉर्डिंगचा मान बघणाऱ्यापेक्षा वरचा, त्यामुळे टीव्हीहेडएंडने आईचा ट्यूनर काढून घेतला आणि तिची मालिका नेमकी सासू दार उघडत असताना काळी झाली. तिचा समज की बाबांनी टाकीपाशी उभं राहून काहीतरी बटण दाबलं. मी फोनवर मक्स म्हणजे काय ते समजावायला लागलो तर म्हणाली, ते तुझं तुझ्याजवळ ठेव, कुणाचं आधी ते सांग. तूर्त तोडगा असा की लाईव्ह बघायचं ते साध्या बॉक्सवर, आणि तिच्या मालिकेचा रात्रीचा पुनःप्रसारणाचा टाइमर लावला.

वीज जाते हे धरूनच चालायला लागतं. पीसीच्या बायॉसमध्ये, म्हणजे पीसी चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, वीज परत आली की आपोआप चालू हो असं एक सेटिंग असतं, ते लावलं नाही तर सगळं फुकट, कारण घरी कुणी ते बटण दाबणार नाही. आणि फाईल टीएस फॉरमॅटमध्येच ठेवली, मध्येच वीज गेली तर तिथपर्यंतचं तरी चालतं, एमपीफोर अर्धवट राहिली की बऱ्याचदा उघडतच नाही. पावसाचं मात्र काही करता येत नाही. जूनमध्ये एकदा दुपारपासून असा कोसळला की त्या दिवशीच्या फाईलमध्ये निवेदक अर्धं वाक्य बोलतो आणि चौकोन चौकोन होऊन गोठतो, मग बारा मिनिटांनी आभार मानतो. विषय होता अतिवृष्टीतलं पीक व्यवस्थापन.

एप्रिलमध्ये आणखी एक झालं. फ्री डिशवरचे खाजगी चॅनेलचे स्लॉट लिलावाने जातात, हिशोब साधारण १ एप्रिल ते ३१ मार्च, त्यामुळे एप्रिल लागला की चॅनेल इकडचे तिकडे होतात. टीव्हीहेडएंडला बिचाऱ्याला सर्व्हिसचा नंबर माहीत, त्या नंबरवर नवीन बिऱ्हाडकरू आला तरी तो जुन्याच नावाने भरत राहतो. आईने मालिका लावली तर भोजपुरी गाणी. तीन दिवसांची. चौथ्या दिवशी तिने मला सांगितलं, तोपर्यंत तिला वाटत होतं मालिकेत स्वप्नातला प्रसंग चालू आहे. सगळे मक्स परत स्कॅन केले, जुन्या सर्व्हिस उडवल्या, परत मॅप केलं. आता ३१ मार्चला फोनमध्ये रिमाइंडर लावलाय.

दुसरा ट्यूनर मागवला होता, आलाय, फ्रीजवर खोक्यातच आहे. पण एलएनबीच्या दोन्ही वायरी भरलेल्या आहेत, म्हणजे आता चार आउटपुटवाला आणून परत गच्चीवर चढायचं, आणि पाऊस उघडल्याशिवाय आई चढू देत नाही. बाबांच्या यादीत परवा एकशे सदतीस भाग झाले होते. त्यातले आल्याचे अकरा त्यांनी वहीत तारखेसकट उतरवून घेतलेत, कोडीवर शोधायची सोय आहे हे मी दोनदा दाखवलं, पण वही टीव्हीखालच्या कप्प्यातच असते.